लंडनच्या छतावरची बाग: स्काय गार्डन फुकट का आहे, आणि ती तिथे जगते कशी

लंडनमधल्या बहुतेक उंच इमारती सरळ वर जातात किंवा वर जाताना निमुळत्या होतात. फेन्चर्च स्ट्रीटवरची २० नंबरची इमारत मात्र वर जाताना फुगत जाते आणि नदीच्या बाजूला जरा वाकून पाहते आहे असं वाटतं. या आकारामुळे लोकांनी तिचं नाव 'वॉकी-टॉकी' ठेवलं. उंची १६० मीटर, वास्तुरचनाकार मूळचे उरुग्वेचे राफाएल विन्योली. सगळ्यात वरचे तीन मजले, म्हणजे ३५ ते ३७, काचेच्या मोठ्या घुमटाखाली एकत्र मोकळे ठेवलेत आणि तिथे झाडं लावली आहेत. हीच स्काय गार्डन. जानेवारी २०१५ पासून ती लोकांसाठी खुली आहे आणि प्रवेशाला एक पेनीही लागत नाही.

लंडनला निघालेल्या ओळखीच्यांना मी ही बाग आवर्जून सांगतो, आणि दर वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या महागड्या जागेत फुकट कसं काय? थेम्सच्या पलीकडे शार्ड या उंच इमारतीवर चढायला चांगले घसघशीत पैसे पडतात, मग इथे मालकाला एवढं उदार व्हायचं कारण काय?

यात मालकाच्या उदारपणाचा संबंध नाही. ही इमारत तिथे उभी राहू दिली, त्या परवानगीबरोबर आलेली ही अट आहे. ती अट समजून घेतली की बाग बघायची नजरच बदलते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

जमीन मालकाची, उंची गावाची

ब्रिटनमध्ये जमीन विकत घेतली म्हणून तिच्यावर मनाला येईल ते बांधता येत नाही. १९४७ च्या नगररचना कायद्याने बांधकामाचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा काढला. तेव्हापासून मोठं काही बांधायचं तर स्थानिक प्राधिकरणाकडे जावं लागतं. तिथे नियमांच्या यादीवर बरोबरच्या खुणा करून परवानगी मिळते असंही नाही. प्रत्येक प्रस्ताव वेगळा तोलला जातो: शेजाऱ्यांचं काय जाईल, शहराला काय मिळेल, जुन्या वास्तूंना काय बाधा येईल.

या तोलण्यात १९९० च्या नगररचना कायद्यातलं कलम १०६ फार महत्त्वाचं आहे. या कलमाखाली विकासक आणि प्राधिकरण यांच्यात कायदेशीर करार होतो. बांधकामामुळे परिसरावर जो भार पडेल, त्यासाठी विकासकाने काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं. कुठे परवडणारी घरं, कुठे रस्त्याचं काम, कुठे लोकांना बसायला मोकळी जागा. पैसे मोजून परवानगी घेण्याचा हा मार्ग नव्हे. कराराशिवाय ते बांधकाम मान्य करता आलं नसतं, इतका त्याचा बांधकामाशी थेट संबंध असावा लागतो. शिवाय हा करार माणसाला चिकटत नाही, जमिनीला चिकटतो. जमीन विकली तर करार नव्या मालकाच्या गळ्यात.

वॉकी-टॉकीच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलं. इमारत बांधली लँड सिक्युरिटीज आणि कॅनरी व्हार्फ ग्रुप यांनी. २०१७ मध्ये ती हाँगकाँगच्या एका उद्योगसमूहाने, सॉसच्या बाटल्यांमुळे घरोघरी माहीत असलेल्या ली कुम की परिवाराच्या कंपनीने, सुमारे १२८ कोटी पौंडांना घेतली. ब्रिटनमध्ये एका इमारतीसाठी मोजलेली तोवरची ती सर्वात मोठी रक्कम होती. मालक बदलला, भाडेकरू बदलत राहतात, बाग मात्र फुकटच राहिली.

आता ही अट इथेच का आली, ते सांगायला सेंट पॉल्स कॅथीड्रलकडे जावं लागेल.

सेंट पॉल्सचा घुमट १११ मीटर उंच आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९६० च्या दशकापर्यंत लंडनमध्ये त्याच्याहून उंच इमारत नव्हती. १९३० च्या दशकात आसपासच्या इमारती वाढायला लागल्या तेव्हा घुमट झाकला जाईल अशी भीती निर्माण झाली, आणि ठरावीक ठिकाणांहून तो दिसत राहिलाच पाहिजे असे उंचीचे निर्बंध आले. ते आजही पाळले जातात. शहराच्या नकाशावर जणू न दिसणाऱ्या पट्ट्या आखलेल्या आहेत; त्या पट्ट्यांत उंच बांधायचं नाही. लेडनहॉल स्ट्रीटवरची 'चीजग्रेटर' ही २२५ मीटरची इमारत एका बाजूने तिरकी कापल्यासारखी आहे ती केवळ दिसायला छान म्हणून नव्हे. फ्लीट स्ट्रीटवरून सेंट पॉल्स पाहताना ती मध्ये येऊ नये म्हणून तिने अंग मागे घेतलंय.

या निर्बंधांमुळे सिटीतल्या, म्हणजे 'सिटी ऑफ लंडन' या शहराच्या जुन्या मध्यवर्ती व्यापारी भागातल्या, उंच इमारती बिशप्सगेट आणि लेडनहॉल भागात एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. वॉकी-टॉकीची जागा या घोळक्याच्या बाहेर, दक्षिणेला, नदीच्या अगदी जवळ. एका अंगाला सेंट पॉल्स, दुसऱ्या अंगाला जागतिक वारसा असलेला टॉवर ऑफ लंडन. साहजिकच विरोध झाला. आधीचा प्रस्ताव जवळजवळ २०० मीटरचा होता, तो उतरवून १६० वर आणला गेला. तरी वाद मिटला नाही आणि २००७ मध्ये जाहीर चौकशी झाली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, आणि शेवटी परवानगी मिळाली. परवानगीच्या बाजूने जे मुद्दे होते त्यातला एक ठळक मुद्दा म्हणजे वरची सार्वजनिक बाग. घोळक्यापासून सुटी उभी असल्यामुळे तिथून चारी दिशांना शहर दिसणार होतं, आणि ते कुणालाही पाहता येणार होतं.

यातलं अर्थकारणही पाहण्यासारखं आहे. इमारत वर रुंद का? कारण ऑफिसच्या जागेचं भाडं उंचीबरोबर वाढतं. जिथे भाडं जास्त तिथे जागा जास्त, असा हा आकार आहे. आणि या फुगवट्याच्या माथ्यावरचे, म्हणजे सगळ्यात किमती मजले, लोकांसाठी ठेवावे लागले. (तिथे रेस्टॉरंट आणि बार आहेत, त्यांचं उत्पन्न येतं, पण तिथे काही घ्यायची सक्ती नाही.) म्हणून मला तिथे गेल्यावर पाहुण्यासारखं अंग चोरून उभं राहावंसं वाटत नाही. शहराने आपल्या क्षितिजाचा एक तुकडा दिला, त्याच्या बदल्यातली ही जागा आहे.

'सार्वजनिक' म्हणजे किती सार्वजनिक?

इथे टीकाकारांचं म्हणणं ऐकायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. परवानगीच्या काळात जी चित्रं दाखवली गेली त्यांत गर्द हिरवाई होती. उघडल्यावर लोकांना दिसलं ते काचेखालचं मोठं दालन, दोन्ही बाजूंना झाडांचे उतार, मधोमध बार आणि वर रेस्टॉरंट. विमानतळाच्या प्रतीक्षागृहाशी तुलना झाली. त्याच वर्षी, २०१५ मध्ये, या इमारतीला ब्रिटनमधल्या सर्वात वाईट नव्या इमारतीसाठीचा 'कारबंकल कप' मिळाला.

शिवाय बागेत सहज फिरत फिरत जाता येत नाही. आधी ऑनलाइन वेळ राखून ठेवावी लागते, खाली बॅगा एक्स-रे यंत्रातून जातात, धातुशोधक कमानीतून आत जावं लागतं, बाग बंद व्हायची वेळ ठरलेली असते. गवतावर चटई टाकून पसरता येईल असं गवतच नाही. हायड पार्क ज्या अर्थाने सार्वजनिक आहे त्या अर्थाने ही जागा नाही, हे मान्यच करायला हवं.

पण यातलं थोडं उंचीमुळे अटळ आहे. १५० मीटरच्या आसपास किती माणसं एका वेळी असावीत हे जागेच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, खाली उतरायच्या सोयीवर ठरतं. आग लागली तर लोक जिन्याने उतरणार. जिन्याची रुंदी ठरलेली. रोजच्या वापरात लिफ्ट किती माणसं नेऊ-आणू शकतात तीही मर्यादाच. जमिनीवरच्या उद्यानाला चार फाटकं असतात आणि गर्दी झाली तर लोक पांगतात. इथे पांगायला जागा नाही. त्यामुळे वेळा वाटून देणं मला पटतं. पटत नाही ते संध्याकाळी उशिरा जागेचा नूर बदलतो ते. बारमधलं संगीत वाढतं, टेबलं भरतात आणि नुसतं उभं राहून शहर पाहणारा माणूस उपरा वाटायला लागतो. बागेसाठी जायचं असेल तर दिवसाउजेडी जा.

इतक्या वर माती नेली कशी?

बाग छतावर न्यायची तर पहिली अडचण वजनाची. साधी बागेतली माती पाण्याने भिजली की एका घनमीटरचं वजन पावणेदोन ते दोन टनांपर्यंत जातं. ऑफिसचा मजला माणसं, टेबलं, कपाटं अशा वापरासाठी साधारण दर चौरस मीटरला २५० ते ४०० किलो भार धरून बांधतात. म्हणजे मीटरभर खोल वाफा केला तर मजल्यावर नेहमीच्या चार-पाच पट किंवा त्याहून जास्त ओझं आलं. म्हणून छतावरच्या बागा मागाहून सुचून होत नाहीत. इमारतीचा सांगाडा काढतानाच वाफे कुठे आणि किती खोल, हे ठरवावं लागतं.

दुसरं, तिथे खरी माती फारशी वापरतच नाहीत. ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, भाजून फुगवलेले चिकणमातीचे गोळे, विटांचा चुरा आणि थोडा सेंद्रिय भाग असं मिश्रण करतात. ते भिजल्यावरही मातीपेक्षा बरंच हलकं राहतं, पाणी धरतं आणि जास्तीचं सोडून देतं. त्याच्या खाली थर असतात: सगळ्यात खाली पाणी न झिरपू देणारा पडदा, त्यावर मुळं अडवणारा थर, मग पाणी वाहून जायला पोकळ थर, त्यावर बारीक कण अडवणारं कापड, आणि मग मिश्रण. यातला मुळं अडवणारा थर नीट नसेल तर काही वर्षांत मुळं पडद्यात घुसतात आणि खालच्या मजल्याचं छत गळायला लागतं. बाग उकरून ती गळती शोधणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून या थराला कुणी हात आखडता घेत नाही.

तिसरी गोष्ट वारा. जमिनीवर झाडं, घरं, भिंती वाऱ्याला अडवतात. वर काहीच अडवत नाही. जोराचा वारा फांद्या मोडतो ते आपल्याला दिसतं, पण झाडाचं खरं नुकसान तो पानांतलं पाणी उडवून करतो. मुळांना पाणी ओढायला वेळ मिळत नाही आणि ओल्या वाफ्यातलं झाडही कडेने करपतं. स्काय गार्डन उघड्या गच्चीवर न ठेवता काचेखाली का ठेवली, त्यामागे हे मोठं कारण आहे. फक्त दक्षिणेकडची गच्ची उघडी आहे, आणि वारा फार असेल तर तीही बंद करतात.

काच आली की वाऱ्याचा प्रश्न सुटतो, उजेडाचा मात्र उभा राहतो. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, सूर्य खालून सरकत जातो, आणि काच काही उजेड अडवते. म्हणून झाडांची निवड जपून करावी लागते. इथली रचना गिलेस्पीज या भूरचनाकारांची आहे. त्यांनी मुख्यतः भूमध्य सागराच्या परिसरातली आणि दक्षिण आफ्रिकेतली, पाण्याची ओढ सोसणारी झाडं घेतली: लॅव्हेंडर, निळ्या फुलांच्या गोळ्यांचं आगापँथस, मशालीसारखं उभं फूल येणारं 'रेड हॉट पोकर', पक्ष्याच्या चोचीसारखं 'बर्ड ऑफ पॅराडाइज'. त्यांच्यात वृक्षनेचे आहेत, ते मला सर्वात आवडतात. जवळ जाऊन खोड पहा. ते लाकडासारखं गुळगुळीत नसतं, तपकिरी केसाळ तंतूंचं जाड वेष्टण असतं. ते तंतू म्हणजे हवेत वाढलेली मुळंच. त्यामुळे वृक्षनेच्याला पाणी घालणारा माळी वाफ्याबरोबर खोडही भिजवतो. त्याला सावली चालते, म्हणून जिथे लॅव्हेंडर रुसेल तिथे तो रमतो.

बागेचे उतार पायऱ्यांसारखे उत्तरेकडे चढत जातात. खालची झाडं वरच्यांचा उजेड अडवत नाहीत, आणि आपण पायऱ्या चढत गेलो की दर वळणावर शहर वेगळं दिसतं. एक सूचना: इथली हवा बरीचशी नैसर्गिक वायुवीजनावर चालते, त्यामुळे हिवाळ्यात आत गेलो म्हणून कोट काढावा असं वाटत नाही.

काचेचं देणं खाली रस्त्याला

या इमारतीची दुसरी बाजू २०१३ च्या उन्हाळ्याअखेरीस दिसली, तेव्हा ती बांधून व्हायची होती. तिचा दक्षिणेकडचा दर्शनी भाग आत वळलेला आहे, अंतर्गोल. आपण लहानपणी भिंगाने ऊन एका टिंबावर गोळा करून कागद जाळायचो, तसंच इथे अंतर्गोल काचेने केलं. सूर्य ठरावीक उंचीवर आला की परावर्तित ऊन समोरच्या ईस्टचीप रस्त्यावर एका पट्ट्यात गोळा व्हायचं. तिथे लावलेल्या एका जॅग्वार गाडीचे आरसा आणि पत्रे वाकले. विकासकांनी दुरुस्तीचे ९४६ पौंड दिले. एका वार्ताहराने तिथेच तव्यात अंडं तळून दाखवलं. पुढे दर्शनी भागावर आडव्या पट्ट्या बसवल्या आणि तो प्रकार थांबला. विन्योलींच्याच लास वेगासमधल्या व्दारा हॉटेलच्या वळलेल्या भिंतीनेही आधी असाच त्रास दिला होता, त्यामुळे हे टाळता आलं असतं असं मला वाटतं.

वाऱ्याचाही प्रश्न झाला. उंच भिंतीवर आदळलेला वारा वाट मिळेल तिकडे जातो, त्यातला बराच खाली घसरतो आणि पायथ्याशी जोराने बाहेर पडतो. २०१५ मध्ये पादचाऱ्यांनी तक्रारी केल्या. सिटी ऑफ लंडनने पुढे २०१९ मध्ये उंच इमारतींसाठी वाऱ्याच्या चाचण्यांचे कडक निकष काढले. त्यात सायकलवाल्यांचाही विचार झाला. वरून दिसणाऱ्या देखाव्याची किंमत खालून चालणाऱ्याने मोजू नये, हे तिथे मान्य झालं.

जायचं कसं, पाहायचं काय

सर्वात जवळचं भुयारी रेल्वेचं स्टेशन मॉन्युमेंट. बागेचं दार फिलपॉट लेनच्या बाजूला आहे. मुख्य रस्त्यावरचं दार ऑफिसवाल्यांचं. फुकट तिकिटं साधारण तीन आठवडे आधी टप्प्याटप्प्याने खुली होतात आणि सूर्यास्ताच्या वेळा आधी संपतात. मोठ्यांनी फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवावं. डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो, तेव्हा तीनची वेळ घेतली तर उजेडातलं शहर आणि दिवे लागलेलं शहर दोन्ही एकाच फेरीत मिळतं. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, तेव्हा हा हिशेब चालत नाही.

वर पोचल्यावर लोक थेट दक्षिणेच्या काचेकडे धावतात, कारण समोर शार्ड, खाली थेम्स आणि दुसऱ्या महायुद्धातली एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका. डावीकडे टॉवर ब्रिज आणि टॉवर ऑफ लंडन. पाहाच, पण तिथेच थांबू नका. पश्चिमेला सेंट पॉल्सचा घुमट शोधा आणि त्याच्या आसपास उंच इमारती किती कमी आहेत ते पहा. मग उत्तरेच्या काचेशी या: चीजग्रेटर, १८० मीटरची गर्किन, २७८ मीटरची २२ बिशप्सगेट, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून. वर सांगितलेले निर्बंध इथे कागदाशिवाय वाचता येतात. घुमटाकडची ती मोकळीक आणि इकडची ही दाटी, दोन्ही एकाच नियमातून आली.

आणि नैर्ऋत्येला, अगदी खाली, एक सोनेरी ज्वाळेचा कलश दिसेल. तो मॉन्युमेंट, १६६६ च्या मोठ्या आगीच्या आठवणीसाठी सेंट पॉल्सचे वास्तुरचनाकार क्रिस्टोफर रेन आणि शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी उभारलेला आणि १६७७ मध्ये पूर्ण झालेला दगडी स्तंभ. जवळच्या पुडिंग लेनमध्ये, एका बेकरीत, ती आग लागली होती. स्तंभाच्या आत ३११ पायऱ्या आहेत आणि वर सज्जा. लंडन वरून पाहायची लोकांची ओढ किती जुनी आहे, ते त्यावरून कळतं.

तिकीट मिळालं नाही तर अडून बसायचं कारण नाही, कारण स्काय गार्डननंतर सिटीत उंच इमारतीवर लोकांसाठी जागा ठेवण्याची जणू रीतच पडली. २२ बिशप्सगेटच्या ५८ व्या मजल्यावर होरायझन २२ हे दालन सप्टेंबर २०२३ मध्ये उघडलं. २५४ मीटरवर, फुकट, मात्र तिथे बाग नाही. शेजारच्या ८ बिशप्सगेटच्या ५० व्या मजल्यावर 'द लुकआउट' आहे, तेही फुकट. आणि ज्यांना उंचीपेक्षा बाग हवी त्यांनी फेन्चर्च स्ट्रीटवरच थोडं पुढे १२० नंबरला जावं. तिथली 'गार्डन ॲट १२०' पंधराव्या मजल्यावर आहे, २०१९ पासून खुली, आणि आधी वेळ राखायची गरज नाही. पंधरावा मजला म्हणजे वारा आटोक्यात, म्हणून तिथे काचेचं छत घालावं लागलं नाही. मांडवावर विस्टेरियाच्या वेली चढवल्या आहेत, आणि त्यांना बहर वसंतात येतो.